सासूबाई सिस्टर होत्या, मग लस घरीच का नको?

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या एका तरुण आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

पहिलं बाळ, तेरा आठवड्यांचं. सासूबाई तीसेक वर्षं सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. दहाव्या आठवड्याच्या लशींना त्या सोबत गेल्या आणि तिथून रागावूनच परतल्या. "कमरेत द्यायचं सोडून मांडीत टोचलं. दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का पाहिलं नाही. वरून चोळलंसुद्धा नाही. आणि सुई केवढी! पोरींना हल्ली शिकवतात तरी काय?" त्या रात्री बाळ किरकिरलं, मांडीवर गाठ आली, ती अजून हाताला लागते. भरीत भर सासऱ्यांचा डावा खांदा. गेल्या पावसाळ्याआधी एका दवाखान्यात फ्लूची लस घेतली तेव्हापासून तो दुखतो आहे, हात पुरता वर जात नाही. आता सासूबाईंनी ठरवलंय की चौदाव्या आठवड्याच्या लशी मेडिकलमधून आणायच्या आणि त्या घरीच देणार. "ह्यांना इन्सुलिन रोज मीच देते ना?" नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. पत्राचा शेवट असा: "आईंचा हात खरंच हलका आहे. त्यांना दुखवायचं नाही आणि बाळाच्या बाबतीत धोकाही नको. मी उगाच घाबरतेय का?"

*

तुला अहोजाहो करत नाही, माझी लेक तुझ्याहून मोठी असेल.

आधी माझीच कबुली. सासूबाई ज्या पद्धतीसाठी अडून बसल्या आहेत, तसंच सगळं मी डॉक्टर म्हणून स्वतः केलेलं आहे. इंटर्नशिपमध्ये एका खमक्या सिस्टरांनी मला मोसंबीवर सुई टोचायला शिकवलं. मग कमरेत कसं द्यायचं ते दाखवलं: मनातल्या मनात चार भाग करायचे, वरचा बाहेरचा भाग पकडायचा, टोचायचं, मागे ओढून पाहायचं, द्यायचं, चोळायचं. पुढे बदलायची वेळ आली तेव्हा डोकं लगेच तयार झालं. हात मात्र कित्येक महिने दट्ट्या मागे ओढतच राहिला. त्यामुळे सासूबाई चुकीचं शिकल्या असं मनात आणू नकोस. त्यांच्या काळी जे शिकवत होते ते त्या नीट शिकल्या. नंतर पद्धत बदलली, आणि निवृत्त माणसाच्या घरी परिपत्रक येत नाही.

मांडीचं जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी वाद तिथेच पेटतो. न चालणाऱ्या बाळाच्या कमरेखाली स्नायू असतो तो जेमतेम, बाकी सगळी चरबी. पायाकडे जाणारी मोठी नस, सायॅटिक, तिथूनच जाते. सुई तिला लागली तर पाय लुळा पडू शकतो. असं क्वचित होतं, पण झालेलं आहे, आणि सासूबाईंनी एखादं तरी असं पोर पाहिलं असेल. दुसरी गोष्ट लशीच्या गुणाची. १९८० च्या दशकात मोठ्या माणसांना कावीळ-बची लस कमरेत दिली, तर बऱ्याच जणांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार होईनात. तीच लस दंडात दिल्यावर होऊ लागली. कमरेत दिलेलं औषध पुष्कळदा स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच राहतं, म्हणून. कुत्रा चावल्यावरच्या लशीचंही तसंच. ती मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीत. कमरेत कधीच नाही. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हा प्रकार सासूबाईंनी नक्की पाहिला असेल, कदाचित हातानं दिलाही असेल. तो गेला म्हणून कुणी हळहळलं नाही. कमरेचं इंजेक्शन मात्र आपल्या मनातून जात नाही.

मांडी म्हणजे कुठली जागा? कमरेच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत तीन सारखे भाग कल्प आणि मधला भाग घे. त्याची पुढची-बाहेरची बाजू, म्हणजे पँटच्या बाहेरच्या शिवणीच्या थोडं पुढे. तिथे जन्मापासून भरपूर स्नायू असतो आणि मोठी रक्तवाहिनी किंवा नस वाटेत येत नाही. सुई सरळ काटकोनात जाते. एकाच मांडीत दोन द्यायच्या असतील तर मध्ये इंचभर अंतर ठेवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला हीच जागा. पुढे मूल तीन वर्षांचं झालं, दंड भरला, की दंडात. अपवाद आहेत आणि ते सासूबाईंना पाठ असतील: बीसीजी डाव्या दंडावर कातडीच्या आत, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडात कातडीखाली, सुई तिरकी धरून.

मोठी रक्तवाहिनीच नाही म्हटल्यावर दट्ट्या मागे ओढून बघायचं कारण उरत नाही. उलट तेवढा वेळ सुई आत हलत राहते आणि बाळाला जास्त दुखतं. चोळायचंही नाही, कापसानं नुसतं दाबून धरायचं. आणि हे तुझ्या घरापुरतंच नाही: बाळाला मालीश करायला मावशी येत असतील तर त्या दिवशी त्यांना ती मांडी सोडायला सांग. तेल नको, शेक नको, हळदीचा लेप नको. आंघोळ चालेल.

आता लांब सुई. हे ऐकून तुम्हा दोघींनाही आश्चर्य वाटेल, पण बाळाला साधारण २५ मिलिमीटरची सुईच लागते आणि आखूड सुईपेक्षा तिनं सूज कमी येते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरेंच्या एकत्र लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तो स्नायूत गेला तर निमूट विरतो, चरबीत अडकला तर चिडचिड करतो, लाली आणि सूज आणतो. तुझ्या बाळाची गाठ दुखत नसेल आणि तिच्यावरची कातडी मऊच असेल तर काही आठवड्यांत आपोआप जिरेल. ती लाल, गरम होऊ लागली किंवा वाढली तर मात्र दाखवायची.

इथवर वाचून तुला वाटेल, म्हणजे सासूबाई चुकल्या आणि ती पोरगी बरोबर. थांब. तू पत्रात एक ओळ सहज लिहिली आहेस: बाळाला टेबलावर उताणं झोपवलं, तू पायाशी उभी होतीस आणि एका मदतनिसानं गुडघे दाबून धरले. ही चूक होती, आणि सासूबाईंच्या रागाचा निम्मा भाग मला वाटतं तिथला असावा, फक्त त्यांनी तो दुसऱ्याच गोष्टींवर काढला. टोचताना होणारी वेदना कमी कशी करायची याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सूचना काढल्या, आणि त्यात एकही महागडी वस्तू नाही. बाळ आईच्या कुशीत हवं. टोचण्याआधी, टोचताना आणि नंतरही अंगावर पाजत राहायचं. दोन-तीन सुया असतील तर सगळ्यात झोंबणारी शेवटी. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्यायचं. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजून न्यायचं नाही, त्यानं लशीचा प्रतिसाद थोडा मंदावू शकतो. ताप आलाच तर वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

"पाजत असताना टोचलं तर बाळाला ठसका लागेल, मग ते दूधच सोडेल," असं एखादी सिस्टर म्हणेल. तसं होत नाही. शांतपणे सांग, मी पाजणार आहे.

मग घरी का नको? हात हलका आहे, जागा कळली, सुई कळली. बरोबर, टोचणं त्यांना येतंच. मला वाटतं तू आणि सासूबाई, दोघींनी लस देणं म्हणजे टोचणं असं धरलं आहे. त्यातलं टोचणं दोन सेकंदांचं. दवाखान्यात जायचं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळासाठी.

आधीची गोष्ट थंडीची. लस कारखान्यापासून बाळापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. उन्हात तापली तर खराब होते हे सगळ्यांना माहीत आहे. गोठली तरी खराब होते हे फार थोड्यांना. ॲल्युमिनियमवाल्या लशी एकदा गोठल्या की पुन्हा वितळल्यावर दिसतात तशाच, पण गुण गेलेला असतो. माझ्याकडे एक आजोबा मेडिकलमधून लस आणताना ती बर्फाच्या पिशवीला अगदी चिकटवून, रुमालात गुंडाळून, मोठ्या काळजीनं आणत. त्या काळजीनंच ती वाया जायची. घरचा फ्रिज तर विचारूच नको: दार दहा वेळा उघडतं, मागच्या बाजूला पालेभाजी गोठते आणि दाराच्या कप्प्यात दूध नासतं. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशी जगभर जातात, म्हणून आपल्या पुणेकरांचा एक गोड गैरसमज आहे की इथे लस 'ताजी' मिळते. एका आईनं मला खरंच विचारलं होतं, "थेट तिथूनच आणू का?" अगं, ते काय चितळ्यांचं दूध आहे? लशीत ताजं-शिळं नसतं. साखळीत एखादा कच्चा दुवा होता का, एवढंच विचारायचं.

नंतरची गोष्ट अर्ध्या तासाची. लशीनंतर तीव्र ॲलर्जी फार विरळ, दहा लाख डोसांमागे एखादी. पण ती आलीच तर मिनिटांत येते, आणि तेव्हा ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, त्याचा वजनाप्रमाणे डोस माहीत असलेला माणूस आणि ऑक्सिजन हाताशी लागतो. म्हणून तर लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. सासूबाईंना हे मुद्दाम विचार, त्यांच्या नोकरीच्या काळात इमर्जन्सी ट्रेशिवाय त्यांनी इंजेक्शनची पाळी सुरू केली असती का. त्या 'नाही' म्हणतील. सिस्टर माणसं याबाबतीत कडक असतात.

इन्सुलिनचा दाखला मात्र लागू पडत नाही. इन्सुलिन मुद्दाम चरबीत द्यायचं असतं, त्याची सुई चार-सहा मिलिमीटरची, रोजची आणि त्याच माणसाला. लस स्नायूत, नवी, आणि शरीर तिला काय उत्तर देईल हे आधी ठाऊक नसतं. इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर वापरलेल्या सुया कुठे टाकता? सुक्या कचऱ्यात टाकत असाल तर आज थांबवा. आपल्याकडे कचरा हातानं वेगळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताया असतात, त्यांच्या बोटात ती जाते. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर ठळक लिहा, आणि बरणी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये, जिथे घेतात तिथे द्या. सुईला टोपण परत लावायचं नाही. त्यातच स्वतःला टोचून घेतलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत, मी धरून.

घरी लस देणं सरसकट वाईट आहे असं नाही. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील आणि डॉक्टर किंवा सिस्टर लशीची थंड पेटी आणि ॲड्रिनॅलिन घेऊन घरी येत असतील, नंतर अर्धा तास थांबत असतील, तर जरूर. चौदा आठवड्यांच्या गुटगुटीत बाळासाठी ती सोय कशाला? आणि कुणी खर्चापायी घरच्या लशीचा विचार करत असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात या वयाच्या लशी, पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), पोलिओ, रोटा (जुलाबांवरची), मोफत मिळतात. तिथली सिरिंज एकदा दाबली की लॉक होते, दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. काचेच्या सिरिंजा उकळण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्या सासूबाईंना ती एकदा हातात घेऊन बघू दे, त्यांना ती आवडेल.

आता घरातलं. तू लिहिलंयस, 'आईंना दुखवायचं नाही.' नाही म्हटलं की त्या दुखावतील, हे तू गृहीत धरलंयस. मला पत्रातून वेगळंच दिसलं. तीस वर्षं ज्या कामात त्यांचा शब्द चालायचा, त्या कामाच्या वेळी त्यांना कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, आणि पंचविशीतल्या मुलीनं त्यांच्याकडे न बघता त्यांच्या नातवाला टोचलं. लस घरी आणण्याचा हट्ट मला तिथून आलेला वाटतो.

काहीजणी तुला सुचवतील, गुपचूप जा आणि देऊन ये. तसं करू नकोस. कार्डावर तारीख पडते, आणि ती वाचणारं माणूस घरातच आहे. दवाखान्यात आधी फोन कर. डॉक्टरांना सांग की सासूबाई सिस्टर होत्या, त्यांच्या शंका आहेत, पाच मिनिटं त्यांच्याशी बोला. सुनेनं सांगण्यापेक्षा आपल्याच पेशातल्या माणसानं 'सिस्टर, आता हे असं बदललंय' म्हटलेलं त्यांना पचेल. आणि मग त्यांना कामाला लाव, खरोखरीच्या. लशीचं नाव आणि एक्स्पायरी त्यांना वाचू दे. सरकारी लशीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर वापरायची नाही. हे त्यांना एकदा दाखवलं की पुढे त्या कुणाला विसरू देणार नाहीत. कार्डावर बॅच नंबर लिहून घेणं हेही त्यांच्याकडे.

सगळ्यात मोठं काम पाय धरण्याचं. तू बसून पाजणार, बाळाचा एक हात तुझ्या बगलेखाली जाणार, आणि गुडघा हलकेच पण हलू न देता धरायला सरावाचा हात लागतो. घाबरलेला माणूस फार दाबतो, नवखा सोडून देतो आणि सुई वाकडी जाते. तुझ्या घरी तो हात आहे.

नवऱ्याचं काय ते तू विचारलेलं नाहीस, मी मात्र विचारते. 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणणं दिसायला समजूतदार आहे. प्रत्यक्षात त्यानं स्वतःच्या आईला 'नाही' म्हणायचं काम तुझ्यावर ढकललंय. लस दवाखान्यात होणार, एवढं एक वाक्य त्यानं बोलायचं, आणि त्या सकाळी रजा काढायची. सुई बघून भोवळ येत असेल तर कार्ड घेऊन बाहेर बसावं.

थोड्या मोठ्या मुलांच्या आयांसाठी एक-दोन गोष्टी जाता जाता. 'नीट जेव नाहीतर सिस्टर सुई मारतील' ही धमकी आजपासून बंद. 'मुंगी चावल्यासारखं' हेही नको. ही मुंगी नव्हे हे पोराला दोन सेकंदांत कळतं आणि पुढच्या वेळी ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. 'टोचेल, थोडं दुखेल, मी धरून आहे' एवढं पुरे. लस आपल्या मांडीवर बसवून द्यायची, झोपवून नाही. दहावी-बारावीतल्या मुलामुलींना भोवळ येते, त्यांना बसवूनच द्यावं आणि नंतर पंधरा मिनिटं उठू देऊ नये. उपाशी नेऊ नये.

राहिला सासऱ्यांचा खांदा. ती लस कशी दिली हे त्यांना आठवतंय का विचार. शर्टाची कॉलर ओढून अर्धा खांदा उघडा केला होता का? देणारा उभा आणि हे खुर्चीवर बसलेले होते का? असं असलं की सुई हटकून वर, सांध्याजवळ जाते, आणि स्नायूऐवजी सांध्याभोवतीच्या मऊ पिशवीत लस पडून तिथे सूज धरते. दंडातली खरी जागा म्हणजे खांद्याचं हाड हाताला लागतं तिथून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या फुगीर भागाच्या मध्यावर. शर्टाची बाही मोकळी करून पूर्ण दंड उघडा करायचा आणि देणाऱ्यानंही बसायचं. बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की दंड काचतो आणि जागाही वर सरकते. त्या दिवशी सैल बाहीचं घालावं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. लस बंद नाही, बारीक सुईनं द्यायची आणि दोन मिनिटं दाबून धरायचं.

पण मधुमेहात खांदा तसाही आखडतो, लशीशिवायही. दुखणं लशीनंतर दोन दिवसांच्या आत सुरू झालं होतं की पंधरा-वीस दिवसांनी, हे आठवून हाडांच्या डॉक्टरांना सांगा. इतके महिने 'होईल बरं' म्हणत काढले, आता दाखवाच. यंदाची फ्लूची लस मात्र या भीतीनं टाळायची नाही. साठी उलटलेल्या मधुमेह्याला ती हवीच. उजव्या दंडात घ्या.

चौदावा आठवडा पुढच्याच आठवड्यात आहे. पुढून उघडणारं झबलं घाल, लंगोट सैल बांध, कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत टाक. आणि सासूबाईंना दट्ट्याचं कळव, तो मागे ओढायची सवय मोडायला मला सहा महिने लागले होते.